गाडीच्या पोटातले जॅक

मागच्या अंकात जुन्या गाड्यांच्या टूलबॉक्सबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की काही गाड्यांचा जॅक डिकीतून काढून लावावा लागायचाच नाही, तो गाडीलाच कायमचा बसवलेला असायचा. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीयत.

प्रश्न (सातारा) : माझे आजोबा सांगायचे की ते ज्या साहेबांकडे ड्रायव्हर होते त्यांची गाडी पंक्चर झाली की बॉनेट उघडून एक दांडा मारायचा, की गाडी आपली आपण वर उचलली जायची. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. असं खरंच काही होतं का?

उत्तर : होतं. आजोबा खरं तेच सांगत होते, घरात सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवा. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात चांगल्यापैकी महाग गाड्यांना हे जॅक येऊ लागले आणि त्यात सगळ्यात गाजलेली सिस्टिम म्हणजे स्मिथ्स कंपनीची जॅकॉल. चार हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक, दोन पुढे दोन मागे, गाडीला बोल्टने पक्के केलेले, आणि चौघांना तेल पुरवणारा एकच हातपंप. एमजीची वाय टाइप सलून १९४७ ला आली तिला हा जॅकॉल कंपनीतूनच असायचा, पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही बॉनेटखाली, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर. व्हॉल्व्हवर ठरवायचं की फक्त पुढचं उचलायचं, फक्त मागचं की चारही चाकं एकदम. रोल्स रॉइसची फँटम ३, म्हणजे १९३६ ते १९३९ ची, तिलाही अंगचे जॅक होते. साहेबांची गाडी कुठली ते तुमच्या पत्रावरून कळत नाही, पण बॉनेट उघडून दांडा मारायचा हे वर्णन जॅकॉलशी अगदी जुळतं.

फक्त "आपली आपण" नाही हं, त्यात ड्रायव्हरचा घाम असायचा. मी स्वतः एकदा असा पंप मारलाय. सुरुवातीचे बरेच हात नुसते मोकळे जातात, काही होत नाही, वाटतं बिघडलंय. मग खालून टक् असा छोटा आवाज येतो, जॅकचा पाय जमिनीला लागला. तिथून दांडा जड होतो, पाट्याच्या स्प्रिंगा करकरायला लागतात, मडगार्ड बोटबोट वर सरकतं आणि चाक मात्र अजून जमिनीलाच चिकटलेलं, ते शेवटी सुटतं. हाताने चाक फिरवून बघितलं आणि ते मोकळं फिरलं तेव्हा जो आनंद होतो तो मला आजही आठवतो. आजोबांनी तो कितीतरी वेळा घेतला असणार.

प्रश्न (नाशिक) : पण मुळात जॅक गाडीला कायमचा लावायची एवढी गरज का पडली? आणि जाता जाता, स्टेपनी हा शब्द आला कुठून हेही सांगा.

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच आहे, पंक्चर. त्या काळी रस्त्यावर घोडे होते आणि घोड्यांच्या नालांचे खिळे रस्ताभर पडलेले असायचे, टायर पातळ, ट्यूबा नाजूक. हवेचे टायर लावून मिशलँ बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत गाडी घातली ती सगळी वाटभर पंक्चर काढत काढत. आज आपल्याला वर्षा-दोन वर्षांतून एखादं पंक्चर होतं, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघालं की पंक्चर होणार हे धरूनच निघायचे. आणि वाईट म्हणजे सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांचं चाक आजच्यासारखं चार नट काढून निघायचं नाही. फोर्ड मॉडेल टी घ्या, १९०८ ची. तिचं चाक लाकडी आऱ्यांचं, ते एक्सलवरच राहायचं, आणि टायर तिथेच रस्त्याकडेला बसून पट्टीने काढायचा, ट्यूब ओढायची, ठिगळ लावायचं, परत चढवायचं, हातपंपाने हवा भरायची. सुटी निघणारी रिम तिला १९१९ पासून मिळायला लागली.

आता स्टेपनी. वेल्समध्ये लनेली नावाचं गाव आहे, तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक जादा चाक काढलं. चाक कसलं, नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, मध्ये आरे नाहीत, तुंबा नाही. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, त्याच्या बाजूला ही रिम क्लॅम्पने आवळायची आणि पुढे निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटला होतं म्हणून ते स्टेपनी चाक. तिकडे ते चाकही गेलं आणि नावही जवळजवळ विसरलं गेलं, पण आपल्याकडे ट्रकवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे अजून स्टेपनीच म्हणतात. वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आपल्या पंक्चरच्या दुकानात रोज घेतलं जातं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

तर बघा, स्टेपनीवाल्यांनी चाक काढायचा त्रास वाचवला. पुढे चाकं सुटी निघायला लागली तेव्हा चाक काढणं सोपं झालं आणि गाडी उचलणं हाच मोठा त्रास उरला. चिखलात आडवं पडायचं, एक्सल चाचपायचा, त्याच्याखाली स्क्रू जॅक सरकवायचा, तो तिरका बसला की परत काढायचा. चांगल्या कपड्यातला माणूस हे करणार नाही, आणि हळूहळू ड्रायव्हर न ठेवता स्वतः गाडी चालवणारे मालक वाढत होते. त्यांना गाडीखाली न शिरता गाडी उचलायची होती.

प्रश्न (कोल्हापूर) : सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतलाय, १९३० च्या काळातल्या साधारण १००० किलोच्या गाडीला शोभेल असा हलका बिल्ट-इन जॅक डिझाइन करायचा. आमचे सर म्हणतात हायड्रॉलिक जड होईल, स्क्रूचा करा. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून खरंच बरं वाटलं. सगळ्यात आधी एक समज काढून टाक, की यात अवघड काम म्हणजे वजन उचलणं. वजन उचलणं सोपं आहे. पास्कलचा नियम, म्हणजे बंदिस्त तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, तू पाठ केलाच असशील, ब्रामाने त्यावर १७९५ ला हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कच्या डजनने १८५१ ला हातात नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक काढला, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्या आधीच हा प्रश्न सुटला होता. अवघड गोष्ट वेगळीच आहे, की हा जॅक वर्षातून पाच-दहा वेळा वापरायचा आणि उरलेला सगळा वेळ तो चिखल, पाणी, दगड खात गाडीखाली लटकत राहणार, त्याचं वजन गाडी रोज वाहणार.

सुरुवात इथून कर, जॅक लावायचा कुठे, एक्सलला (दोन चाकं जोडणारा दांडा) की चासीला (स्प्रिंगांवर बसलेला गाडीचा सांगाडा). सगळं डिझाइन या एका निर्णयावर फिरतं. चासीला लावलास तर चासी वर जाते पण स्प्रिंगा मोकळ्या होऊन चाक खालीच लोंबत राहतं, ती लोंब ८ सेंटिमीटर धर. त्यावर हवा भरलेला टायर आत जायला ५ सेंटिमीटर फट पाहिजे. म्हणजे १३ सेंटिमीटर खरी उचल. आणि त्याआधी जॅकचा पाय जमिनीपासून १८ सेंटिमीटर वर आहे, तो खाली यायला हवा, तर एकूण स्ट्रोक, म्हणजे जॅकने बाहेर यायचं अंतर, ३१ सेंटिमीटर झाला. एक्सलला लावलास तर स्प्रिंगांचा संबंधच नाही, १८ अधिक फटीचे ५, म्हणजे २३ मध्ये भागतं. वाटेल की मग एक्सललाच लावू. पण एक्सलवरचं वजन स्प्रिंगांच्या खालचं वजन, प्रत्येक खड्ड्याला ते चाकाबरोबर उडणार, गाडी दणके खाणार, शिवाय चाकाबरोबर हलणाऱ्या जॅकला तेल पोचवायला लवचीक होस लागणार आणि होस म्हणजे एक ना एक दिवस फुटणारी गोष्ट. मला विचारशील तर मी चासी घेईन आणि लोंब कमी करायला एक्सल आणि चासीच्या मध्ये चामड्याचा पट्टा टाकेन. स्प्रिंग फार खुलू नये म्हणून तसे पट्टे तेव्हाच्या गाड्यांना असायचेच, त्याने २-३ सेंटिमीटर फुकटात वाचतात.

आता आकडे. एका कोपऱ्यावर ३०० किलो धर. जॅकचा रॅम, म्हणजे सिलिंडरमधून बाहेर येणारा दांडा, ३० मिलिमीटर व्यासाचा घेतला तर क्षेत्रफळ ७.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलाचा दाब सुमारे ४२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, यात घाबरण्यासारखं काही नाही. पंपाचा पिस्टन १४ मिलिमीटरचा घे, त्यावर ६५ किलोचा जोर येतो, दांड्याची तरफ आठास एक ठेवली तर हाताला ८ किलोच्या आसपास. कुणालाही जमेल. पण आता तेल मोज. ३१ सेंटिमीटर स्ट्रोकला एका जॅकला २१९ घन सेंटिमीटर तेल, पंपाच्या एका हाताला अडीच सेंटिमीटर स्ट्रोकने ३.८५ घन सेंटिमीटर जातं, म्हणजे ५७ हात. पुढचे दोन्ही जॅक उचलायचे तर ११४. आणि त्यातले निम्म्याहून जास्त हात नुसता पाय जमिनीपर्यंत आणायला, काही वजन न उचलता! हीच ती जागा जिथे तुला डोकं लावायचंय.

त्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे दोन पिस्टनचा पंप, मोकळ्या स्ट्रोकला मोठा पिस्टन भराभर तेल ढकलतो आणि वजन आलं की मोठा सुटून छोटा काम करतो. दुसरी वाट मला जास्त आवडते, जॅक चासीच्या बाजूने आडवा झोपवून ठेवायचा आणि वापरायच्या वेळी बिजागरीवर खाली उभा करायचा, तिरका होणार नाही अशी खाच ठेवून. मग १८ सेंटिमीटरचा रिकामा स्ट्रोक जवळजवळ जातोच, सिलिंडर आखूड होतो, तेल कमी लागतं, आणि आखूड झाला की हलका होतो. झोपलेला असल्यामुळे दगडही लागत नाही. नाहीतर ३१ चा स्ट्रोक, त्यावर रॅम सिलिंडरमध्ये ६ सेंटिमीटर तरी अडकून राहायला हवा, म्हणजे ३७ सेंटिमीटरहून उंच नळकांडं, ते गाडीत कुठल्या कोपऱ्यात उभं करणार ते आधी कागदावर काढून बघ. किंवा एकात एक असा टेलिस्कोपिक कर, पण त्यात सील दुप्पट, गळती दुप्पट.

वजन कमी करायचं म्हणून पत्रा पातळ करायला जाशील, पण त्याआधी जॅक मोडतो कशाने हे बघ. उभ्या भाराने तो मोडत नाही. ३०० किलो उभा भार २० मिलिमीटरची भरीव सळईसुद्धा हसत घेते. तो मोडतो आडव्या भाराने, गाडी जराशी सरकली, कुणी नट ढिला करताना पान्यावर उभं राहिलं, की बाजूने जोर येतो. समज ५० किलोचा आडवा जोर पायाशी आला आणि रॅम ३० सेंटिमीटर बाहेर आहे, तर २० मिलिमीटरच्या भरीव सळईत १९०० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर ताण जातो, आणि माइल्ड स्टील साधारण २५०० ला वाकतं. म्हणजे जेमतेम वाचली. आता तेच ३० मिलिमीटर बाहेरून, ३ मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घे. वजन सळईपेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी आणि वाकायला विरोध बरोबर दुप्पट. ३० सेंटिमीटर नळी भरते जेमतेम ६०० ग्रॅम. हलकं करणं म्हणजे लोखंड काढून टाकणं नव्हे, ते मधून काढून कडेला नेणं. बांबू पोकळ असून उभा राहतो तो याच कारणाने.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. स्क्रूमध्ये तेल नाही, सील नाही, गळती नाही, आणि तो जिथे थांबवला तिथेच थांबतो, हा मोठा गुण आहे. पण आपला आपण खाली न येणारा स्क्रू म्हणजे ज्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी, तुझी निम्म्याहून जास्त मेहनत घर्षणात जाणार. शिवाय प्रत्येक जॅकला गाडीच्या बाजूने हँडल घालून फिरवायला बेव्हल गिअर, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारी दातेरी चाकं, लागणार, ते चार वेळा. माझ्या अंदाजाने हायड्रॉलिकचा एक जॅक ब्रॅकेट आणि पायासकट अडीच किलोत बसेल, चार मिळून १०, पंप, नळ्या, तेल धरून १४-१५ किलो. स्क्रूचं गणित तू करून बघ आणि दोन्ही कागद सरांसमोर ठेव, ते नक्की ऐकतील.

अजून एक सुचवतो, चारच जॅक का? प्रत्येक बाजूला मधोमध एक, असे दोनच लाव. एका बाजूची दोन्ही चाकं एकदम उठतील, भार ५०० किलो, दाब ७१ च्या आसपास, तरी चालतं. गाडी पलीकडच्या बाजूची दोन चाकं आणि एक जॅक अशा तीन पायांवर उभी राहते, तिवईसारखी, आणि हँडब्रेकचं एक मागचं चाक जमिनीवरच राहतं. वजन निम्म्यावर येतं. यात चासी मध्ये मजबूत लागते, तेवढं तपास.

आणि रॅम वर ओढून धरणारी स्प्रिंग विसरू नकोस. चालत्या गाडीत जॅक आपोआप खाली लोंबायला लागला तर काय होईल याची कल्पना कर. स्प्रिंग चांगली जोरदार ठेव आणि तिच्यावरही विसंबू नको, वर एक खटका दे.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे वडिलांची जुनी इंग्लिश सलून आहे, तिला असे चार जॅक आहेत. मागचे दोन खालीच येत नाहीत. पुढचे गाडी उचलतात पण दहा मिनिटांत हळूहळू बसतात. आमचा मेकॅनिक म्हणतो काढून भंगारात घाला, नुसतं ओझं आहे. काय करू?

उत्तर : कृपा करून काढू नका. एवढ्या वर्षांनंतर चारही जॅक जागेवर असलेली गाडी मिळणं कठीण, बहुतेकांनी ते कधीच उपटून टाकलेत.

पुढचे बसतात तर आधी खाली कोरा पुठ्ठा अंथरा आणि उचलून ठेवा. तेलाचा डाग पडला तर जॅकचं सील किंवा नळीचा जोड. पुठ्ठा कोरडा आणि तरी गाडी बसतेय तर तेल आतल्या आत मागे जातंय, म्हणजे सोडायचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पंपातली न परतू देणारी गोळी आणि तिची बैठक खराब झालीय. बऱ्याचदा तिथे कचरा अडकलेला असतो, खोलून साफ केलं तरी भागतं. मागचे खालीच येत नाहीत ते गंजून धरलेले असणार. त्यांना पंपाने जोर लावत बसू नका, सील फाटेल. उतरवून टेबलावर घ्या, गंज सोडवायचं तेल घालून दोन-तीन दिवस तसेच राहू द्या, मग हलकेच फिरवत काढा. रॅमवर खोल खड्डे पडले असतील तर घासून, हार्ड क्रोम करून मूळ मापाला आणता येतो. रॅम वाकलेला असेल तर मात्र नवीन टर्न करून घ्या, सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

तेलाबद्दल अगदी कळकळीने सांगतो. त्यात आधी कुठलं तेल होतं आणि सील कशाचं आहे हे कळल्याशिवाय काहीही ओतू नका. नैसर्गिक रबर मिनरल तेलात फुगतं, आणि फुगलेलं सील म्हणजे परत अडकलेला जॅक. तुमच्या गाडीचं मॅन्युअल मिळवा, त्यात लिहिलेलं असतं. जुनं तेल पूर्ण काढा, नळ्या धुवा, रबरी तुकडे सगळे नवीन घाला, मग एकच प्रकारचं तेल. आणि पुढे महिन्यातून एकदा चारही जॅक पूर्ण बाहेर काढून फडक्याने पुसायचे, हलका ग्रीसचा हात द्यायचा. पावसाळ्याआधी तर नक्कीच. हे जॅक वापरून खराब होत नाहीत, न वापरून होतात.

प्रश्न (ठाणे) : अशा जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून काम करता येतं का?

उत्तर : नाही. कधीच नाही. तो चाक बदलण्यापुरता आहे. कामाला खाली शिरायचंच असेल तर लोखंडी घोड्या लावा आणि वजन घोड्यांवर सोडा.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. गॅरेजबाहेर जरा उतारावर एक गाडी साध्या जॅकवर मागून उचललेली, चाक काढलेलं. हँडब्रेक ओढला होता पण हँडब्रेक मागच्या चाकांना, आणि मागचंच वर होतं. पुढच्या चाकाला दगड लावायचा राहून गेला. गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक लवंडला आणि मागचा भाग धाडकन खाली. खाली कुणी नव्हतं. माझ्या उस्तादांनी काढलेलं चाक सवयीने गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, गाडी त्यावर बसली, ड्रम वाचला. तेव्हापासून दोन गोष्टी मी चुकवत नाही, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि काढलेलं चाक गाडीखाली. अंगचे जॅक असलेल्या गाडीला तर हे जास्तच लागू आहे, कारण चारही जॅकवर गाडी उचलली तर एकही चाक जमिनीला नाही, म्हणजे ब्रेक हा प्रकारच उरला नाही.

प्रश्न (डोंबिवली) : रेसमध्ये गाडी पिटमध्ये आली की झटकन वर उडी मारते, ते पण हेच का?

उत्तर : कल्पना तीच. २४ तासांच्या शर्यतीतल्या गाड्यांना हवेचे जॅक अंगातच असतात, पण हवेची बाटली बाहेर, पिटमध्ये. माणूस नळी जोडतो, गाडी उठते. म्हणजे गाडीने फक्त नळकांडी वाहायची, ताकद बाहेर ठेवायची. कोल्हापूरच्या मित्राने हे लक्षात घ्यावं, वजन वाचवायची ही सगळ्यात हुशार जागा आहे, फक्त रस्त्यावर एकट्या पडलेल्या गाडीला ती उपयोगाची नाही. फॉर्म्युला वनमध्ये तर जॅकसुद्धा गाडीत नसतो, पुढून-मागून माणसं हातातल्या जॅकने उचलतात.

प्रश्न (पणजी) : एवढी चांगली सोय होती तर मग बंद का पडली?

उत्तर : टायर सुधारले, रस्ते सुधारले, पंक्चर कमी झाली. जी गोष्ट महिन्यातून एकदा लागायची ती वर्षातून एकदा लागायला लागली, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोज १५ किलो वाहणं, तेही गंजणारं आणि सर्व्हिस मागणारं, कंपन्यांना परवडेना. डिकीत तीन किलोचा जॅक टाकला की काम झालं. मला वाईट वाटतं, पण हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता.

मात्र ही कल्पना सगळ्यात सुंदर रीतीने कुणी सोडवली असेल तर सिट्रोएनने, १९५५ च्या डीएस गाडीत. त्या गाडीला स्प्रिंगांऐवजी तेल आणि दाबलेला वायू, आणि इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब देतो, त्यामुळे गाडीची उंची खटक्याने कमीजास्त करता येते. पंक्चर झालं की गाडी पूर्ण वर करायची, बाजूला एक छोटा स्टँड अडकवायचा, आणि मग गाडीला खाली जायला सांगायचं. ती खाली जाऊ शकत नाही कारण स्टँड आहे, म्हणून चाकंच वर उचलली जातात! वेगळा जॅक नाही, वेगळा पंप नाही, जे तेल गाडीला आरामात चालवतं तेच तिला उचलतं. वजनाच्या नावावर फक्त तो स्टँड. मी हे पहिल्यांदा चित्रात समजून घेतलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे सगळी काळी माती. पावसाळ्यात साधा जॅकसुद्धा खाली रुततो, गाडी राहते तिथेच. असे अंगचे जॅक आमच्याकडे चालले असते का?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न अगदी मुळाशी आहे. जॅकचा पाय लहान असतो, समजा ७ सेंटिमीटरची गोल चकती, क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३०० किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो. डांबरी रस्त्याला काही नाही, ओली काळी माती एवढं घेतच नाही, पाय खाली जातो आणि तुम्ही जॅक वर करत राहता ते गाडीला नाही, जमिनीला. आणि अंगच्या जॅकचा पाय मोठा करता येत नाही, मोठा केला की तो खाली लटकून गवत, दगड, गतिरोधक सगळं गोळा करत जाणार.

त्यामुळे जॅक अंगचा असो की सुटा, फळी लागणारच. १५ बाय २० सेंटिमीटरची घेतलीत तर दाब १ किलोवर येतो, मुरमाड जमिनीला तेवढं पुरतं. काळ्या मातीसाठी ३० बाय ३० ची घ्या, दाब एक तृतीयांश किलोवर उतरतो. साग किंवा बाभळीची, दीड इंच तरी जाड, प्लायवूड नको, ते ओलं झालं की पापुद्रे सुटतात. एका कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांधून ठेवा, म्हणजे काम झाल्यावर चिखलातून ओढून काढता येते.